हात पुरेल तिथं

"माझे पाय कुठे आहेत?"

टाचणीनं स्वयंपाकघराच्या दारातूनच विचारलं, आणि उत्तर यायच्या आत तिला ते दिसलेही. नवरा त्यांच्यावर चपलांसकट उभा होता.

पाय म्हणजे स्टूल. लाकडी, जुनं, चढून चढून मधोमध खोलगट झालेलं. मुलगी नुकती बोलायला लागली होती तेव्हा तिनं त्याला 'आईचे पाय' म्हणायला सुरुवात केली, कारण स्वयंपाकघरातली आई तिनं कधी त्या स्टुलाशिवाय पाहिलीच नव्हती. सगळे पोट धरून हसले आणि नाव कायमचं चिकटलं. टाचणीही हसली होती. तेव्हा ती बऱ्याच गोष्टींना हसायची.

तिचं स्वतःचं नावही असंच चिकटलेलं. ती कपडे दुरुस्तीच्या दुकानात काम करायची. कुणाची पँट आखूड कर, कुणाचा कोट सैल कर, कुणाच्या बाह्या वर घे. दिवसभर ओठांत टाचण्या धरून गिऱ्हाइकांच्या पायांशी बसायचं. त्यातून अंगानं बारीक आणि उंचीनं बेताची, मग दुसरं काय नाव पडणार? नवऱ्याला त्याच्या कचेरीत शिडी म्हणायचे. शिडी आणि टाचणी. लग्नाच्या फोटोत फोटोग्राफरनं तिला खोक्यावर उभं केलं होतं, म्हणजे चढायची सुरुवात पहिल्याच दिवशी झाली होती.

"आलीस पण इतक्यात?" नवरा वरून म्हणाला. "सरप्राइज होतं गं. डोळे मिटून यायला हवं होतंस."

तिनं पिशवी डाव्या हातानं उतरवली. उजवा खांदा गेल्या हिवाळ्यापासून धरला होता. मग तिनं घर पाहिलं. कपाटांची सगळी दारं काढून पॅसेजच्या भिंतीला ओळीनं टेकवून ठेवली होती. भांडी पलंगावर, बरण्या सोफ्यावर, आणि ताटल्यांची चळत चक्क टीव्हीसमोर. नवऱ्याच्या हातात पॉलिश पेपर होता. जुन्या रंगाचा बारीक भुगा सगळीकडे बसला होता.

"पिठाच्या डब्याचं झाकण कुठंय?"

"असेल इथंच. अगं, नवा लूक देतोय किचनला! आणि खर्च म्हणशील तर काहीच नाही. एक रंगाचा डबा, नवी हँडलं, बस्स. ती फोनवरची बाई दोन दिवसांत सगळं किचन बदलून दाखवते."

"बाईच ना? तिचंच असेल मग ते किचन."

त्यानं ते ऐकलं नाही. निवृत्त झाल्यापासून त्याला रोज नवं काहीतरी सुचायचं आणि जे सुचेल ते घरावर कोसळायचं. आधी बाथरूमचा नळ झाला, तो अजून ठिबकत होता. मग गॅलरीतल्या कुंड्या झाल्या. आता तिच्या स्वयंपाकघराची पाळी आली होती.

"पण एक सांग मला," स्टुलावरून उतरता उतरता तो म्हणाला, "हे वरचे दोन्ही कप्पे रिकामे कसे? ये, बघ. दारं काढल्यावर मला कळलं. कपाटं नवी होती तेव्हा मी अंथरलेला कागद अजून तसाच! एक डाग नाही त्यावर. एवढी जागा वाया घालवलीस आणि इतकी वर्षं माझ्या मागं टुमणं लावलंयस, ओटा लहान, जागा पुरत नाही!"

टाचणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"माझा हात पुरतो तिथं?"

"स्टूल आहे ना."

"स्टुलावरून खालची फळी पुरते. वरच्या दोन नाही पुरत."

"असं?" तो खरंच चकित झाला होता. त्यानं स्टुलाकडे पाहिलं, कपाटाकडे पाहिलं, आणि मनातल्या मनात काहीतरी मोजल्यासारखं केलं. "हे कधी बोलली नाहीस."

ती बोलली होती. दर वर्षी बोलली होती. पण त्याला खरोखरच माहीत नव्हतं, हे त्याच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं, आणि त्याचाच तिला जास्त राग आला. माणूस खोटं बोलत असला तर निदान त्याला पकडता तरी येतं. या घरात राहून, याच कपाटांतल्या ताटलीत रोज दोन वेळा जेवून, ती ताटली खाली कशी येते हे त्याला माहीत नव्हतं.

कपाटांचं आणि मुलीचं वय एकच होतं. मुलगी अशक्त जन्मली म्हणून तिला दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलं होतं आणि टाचणी त्या पेटीशेजारी खुर्चीत बसून होती. इकडे नव्या घरात सुतारकाम चाललं होतं. मूल घेऊन ती घरी आली तेव्हा नवऱ्यानं तिला आधी स्वयंपाकघर दाखवलं. लाकूड चकचकीत होतं, वासही नवा होता. तिनं एका हातानं मूल छातीशी धरलं आणि दुसरा हात वर केला. टाचा उचलल्या तेव्हा कुठं बोटांची टोकं कपाटाच्या खालच्या फळीला टेकली.

"एवढी उंच?"

"अगं, तो सुतार तसलाच," नवरा म्हणाला होता. "मी सांगत होतो खाली घे म्हणून. ऐकेल तर ना! टांगून मोकळा झाला."

बस्स, तेव्हापासून टाचणीचा सगळा राग सुताराच्या खात्यावर जमा होत गेला. डबा निसटला, 'मेला तो सुतार'. बरणी फुटली, 'हात झडले नाहीत त्याचे'. एका दुपारी स्टूल कलंडलं, डावं मनगट मोडलं आणि जुळताना वाकडंच जुळलं. प्लास्टरमध्ये हात घेऊन ती पलंगावर पडली होती तेव्हा तिनं त्या माणसाच्या नावानं इतकी बोटं मोडली की नवरा म्हणाला, "सोड आता, झालं ते झालं." सुताराचं दुकान मागच्याच गल्लीत होतं. ते दिसलं की ती रस्ता ओलांडून पलीकडून जायची. एकदा त्याची बायको स्वतःचा कोट आखूड करायला टाचणीच्या दुकानात घेऊन आली. टाचणीनं तो कोट थंडी संपेपर्यंत फळीवर ठेवला होता. ती बिचारी यायची, "झाला का हो?" विचारायची, आणि टाचणी टाचण्या ओठांत धरूनच मान हलवायची.

आणि कपाटं खाली घ्यायचा विषय काढला की नवऱ्याचं उत्तर ठरलेलं. "भरलेली आहेत गं सगळी. रिकामी कोण करणार? रिकामी झाली की बघू."

आता ती रिकामी झाली होती.

"अहो," ती म्हणाली. राग गिळून, जमेल तेवढ्या मऊ आवाजात. "तुम्ही सगळं काढलंच आहे, तर या वेळी कपाटं खाली घ्या. माझा हात पुरेल तिथं. रंग कुठलाही द्या, हँडलं कसलीही लावा, मी एका शब्दानं बोलणार नाही. फक्त खाली घ्या."

नवरा हसला, लहान मुलाला समजवावं तसा. "मागची भिंत कशी आहे माहितीये? कपाटं खाली घेतली की वर जुन्या रंगाचा हा एवढा पट्टा उघडा पडेल. स्क्रूची भोकं दिसतील. सगळा लूक जाईल."

"कुणाला दिसणारेय ते?"

"फोटोत दिसेल ना! 'आधी'चा फोटो मी टाकलाय ग्रुपवर. 'नंतर'चा त्याच कोपऱ्यातून काढायचाय. आणि त्यात भिंत रंगवायची म्हणजे खर्च वाढला. मग कमी खर्चात कसं म्हणायचं?"

टाचणी बोलायला गेली असती तर समोरची ताटली त्याच्या अंगावर गेली असती. तिनं पिठाच्या डब्याचं झाकण शोधून काढलं, ते कढईत सापडलं, आणि भुगा पडलेलं पीठ चाळायला घेतलं.

रात्रीच्या जेवणाआधी मुलीचा फोन आला. ती दुसऱ्या गावात नोकरीला होती. "आई, फोटो बघितला! बाबा किती उत्साहानं करतायत गं. मावशी, काका, सगळे म्हणतायत, असा नवरा मिळायला नशीब लागतं."

"हो का?"

"अशी काय बोलतेस? करू दे ना त्यांना. तुझ्यासाठीच तर करतायत."

"माझ्यासाठी करायचंय तर कपाटं खाली घ्या म्हण त्यांना."

"आई, आता एवढी वर्षं चाललंच ना? तुला सवय झालीये." मुलगी मायेनंच म्हणाली. "आणि आपले ते पाय आहेतच की."

टाचणीनं "भाजी लागतेय" म्हणून फोन ठेवला. भाजी अजून चिरायची होती.

पुढचे चार दिवस तिनं पलंगावरून भांडी उचलून स्वयंपाक केला आणि परत पलंगावर ठेवून, रात्री ती खाली उतरवून, मग झोपली. नवऱ्यानं रंगाचा एक हात दिला, मग दुसरा हात दिला. डब्यावर रंगाचं नाव 'पहाटेचं धुकं' असं होतं. टाचणीला तो चुलीतल्या राखेसारखा दिसला. स्टुलावरही धुक्याचे ओघळ आले. दुकानातून आल्यावर रोज तिला त्या दिवशीची प्रगती दाखवली जाई, आणि रोज ती "हं" म्हणे. तिसऱ्या दिवशी तो दुखावून म्हणाला, "चांगलं म्हणायला काय पैसे पडतात?" तिला आठवलं, मूल छातीशी धरून ती पहिल्या दिवशी या कपाटांसमोर उभी होती तेव्हा शेवटी ती "छान झालीयेत" असंच म्हणाली होती. तो दमला होता, हौसेनं दाखवत होता, म्हणून म्हणाली होती. तो एक शब्द तिला किती महाग पडला होता, हे त्याला कोण सांगणार?

"या वेळी नाही म्हणणार," ती म्हणाली.

रविवारी दारं बसवायची होती. नवऱ्यानं फोन समोरच्या फळीवर उभा करून ठेवला, म्हणजे बसवतानाचंही चित्रण होईल. पहिलं दार बसलं, पण मिटेना. दुसरं मिटलं ते उघडेना. तिसऱ्याच्या बिजागरीची भोकंच जुळेनात. त्यानं ते चौथ्याच्या जागी लावून पाहिलं, चौथं सहाव्याच्या. घामाघूम झाला. आधी पुटपुटला, मग मोठ्यानं शिव्या घातल्या, मग दाराला लाथ घातली. 'पहाटेच्या धुक्या'चा एक टवका उडाला.

"काढताना खुणा केल्या होत्या ना?" दारात उभं राहून टाचणीनं विचारलं.

"कसल्या खुणा? सगळी दारं सारखीच तर आहेत!"

सारखी नव्हती. घराच्या भिंतीच तिरक्या होत्या, आणि प्रत्येक दार आपापल्या चौकटीपुरतं रंधा मारून बसवलेलं होतं. नवऱ्यानं सगळी दारं एकदम काढली, एकदम घासली, एकदम रंगवली. रंगाखाली उरलासुरला फरकही झाकला गेला. आता भिंतीवर दारं वेड्यावाकड्या दातांसारखी लटकत होती. टाचणीला हसू फुटलं, आणि ते हसू काही चांगलं नव्हतं.

"हस. हस तू," नवरा म्हणाला. "मी मरमर मरतोय इथं."

"सुताराला बोलवा."

"कुठला सुतार येतोय रविवारचा?"

"ज्यानं केली तो. मागच्या गल्लीत आहे. ज्याची दारं त्याला ओळखता येतील."

"त्याला नको," नवरा चटकन म्हणाला. इतक्या चटकन, की तिनं वळून पाहिलं. तो स्क्रू गोळा करत होता. "म्हणजे, तुलाच त्याचं तोंड बघवत नाही. उगाच कशाला? दुसरा बघू."

तिला क्षणभर बरं वाटलं. निदान एवढं तरी त्याच्या लक्षात आहे, असं वाटलं. आणि त्याच क्षणी तिनं चपला पायात सरकवल्या. तोंड बघवत नसेना का. ज्यानं टांगली त्याच्याच हातानं ती खाली उतरवून घ्यायची, आणि उतरवताना त्याला चार शब्द सुनवायचे, असं तिनं ठरवलं. शब्द काय, ते तर तिच्याजवळ कधीचे घासूनपुसून तयार होते.

सुतार दुकानासमोर खुर्ची टाकून बसला होता. म्हातारा झाला होता. तिला पाहून तो अर्धवट उठला आणि तसाच अवघडून राहिला, कारण ही बाई आपल्याशी कधी बोलत नाही हे त्यालाही माहीत होतं.

"दारं बसत नाहीयेत," ती म्हणाली. "तुम्हीच केलेली. येता का?"

तो काही न विचारता पिशवी घेऊन निघाला. वाटेत तो एक पाऊल मागंच चालला. घरी आल्यावर नवऱ्यानं "या, या" म्हटलं, पण ते इतकं पडेल होतं की सुतारानं आधी साहेबांच्या तब्येतीची चौकशी केली. मग त्यानं दारांच्या कडांवरून अंगठा फिरवला, दोन-तीन दारं इकडची तिकडे केली, आणि म्हणाला, "जुळतील. तास-दोन तास जातील. खालचा रंग जरा खरवडावा लागेल."

"खरवडायचा?" नवरा कळवळला.

"दारं नंतर," टाचणी म्हणाली. "आधी वरची कपाटं काढायची आणि खाली घ्यायची. माझा हात पुरेल तिथं."

"अगं, आपलं ठरलं होतं ना..."

"तुमचं ठरलं होतं." ती सुताराकडे वळली. ठरवलेले शब्द ओठांवर आले. "आणि तुम्हाला विचारायचंय मला. घरात बाई स्वयंपाक करणार, हे कळत नव्हतं का तुम्हाला? हे सांगत होते खाली घ्या, खाली घ्या, तरी ऐकलं नाहीत. हे मनगट बघा. त्या स्टुलावरून पडून मोडलंय. असलं कसलं काम करता हो तुम्ही?"

सुतारानं तिच्या मनगटाकडे पाहिलं. मग साहेबांकडे पाहिलं. साहेब खिडकीकडे बघत होते.

"वहिनी, मी विचारलं होतं की," तो गोंधळून म्हणाला. "मी नेहमी विचारतो, स्वयंपाक कोण करतं, त्यांचं माप द्या. साहेब म्हणाले, ती दवाखान्यात आहे. मी म्हटलं, थांबू मग आठवडाभर, मला दुसरं काम आहे. तर साहेब म्हणाले, कशाला थांबायचं, घ्या माझंच माप. आणि हात वर करून उभे राहिले. मी पेन्सिलीनं खूण केली."

फळीवर उभा केलेला फोन अजून चित्रण करत होता.

"मला वाटलं, साहेबच करत असतील स्वयंपाक," सुतार म्हणाला. चेष्टा नव्हती त्यात, तो खरं तेच सांगत होता. "मी घरी जाऊन बायकोला बोललोसुद्धा, बघ, असे असतात नवरे. त्यावरून आमच्याकडे भांडण झालं होतं."

टाचणीला त्या बायकोचा कोट आठवला. फळीवर थंडीभर पडलेला, घडी घालून ठेवलेला. काम पाच मिनिटांचं होतं.

"अहो," ती नवऱ्याला म्हणाली. आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "तुम्ही मला सांगितलंत, सुतारानं ऐकलं नाही."

"आता इतक्या वर्षांनी काय काढून बसलीस?"

"सांगितलंत की नाही?"

"अगं, तू घरी आलीस ती चिडूनच. बाळंतीण बाई, रात्रंदिवस जागरण झालेलं. काहीतरी बोलायला हवं होतं. म्हटलं, होईल शांत."

"आणि नंतर?"

"नंतर काय? नंतर विषय कुठं निघाला?"

"रोज निघाला!" आता ती ओरडली. पॅसेजमधलं एक दार घसरून आपटलं, पण तिकडे कुणी पाहिलं नाही. "रोज सकाळ-संध्याकाळ निघाला! त्या स्टुलावर चढताना प्रत्येक वेळी मी या माणसाला शिव्या घातल्या आणि तुम्ही चहा पीत ऐकलंत! हात मोडला तेव्हा याचा तळतळाट केला मी. तुम्ही पलंगावर बसून माझ्या केसांतून हात फिरवलात आणि म्हणालात, सोड आता. सोड म्हणालात! कुणाला सोडायला सांगत होतात तुम्ही? याला की स्वतःला?"

"हळू बोल. बाहेरचा माणूस आहे."

"बाहेरचा? यानं मला विचारा म्हणून सांगितलं होतं! बाहेरच्या माणसाला सुचलं, आणि तुम्हाला नाही सुचलं. बरं, नाही सुचलं तर नाही सुचलं. चुकलो म्हणायचं. मी दुसऱ्या दिवशी विसरले असते हो. पण तुम्ही दुसऱ्याच्या अंगावर ढकललंत आणि मजेत राहिलात. आणि परवा मला म्हणता, जागा वाया घालवलीस!"

हातातले स्क्रू नवऱ्यानं एकदा या हातात घेतले, एकदा त्या हातात. शिडी म्हणतात त्या माणसाला, पण त्या घटकेला तो स्टुलाएवढाही उंच दिसत नव्हता.

टाचणी सुताराजवळ गेली. "तुमच्या बायकोचा कोट," ती म्हणाली, आणि पुढं तिला जमेना.

"असू द्या, वहिनी."

"असू द्या नाही. तिला म्हणावं, काय असेल ते घेऊन ये. मी त्याच दिवशी करून देईन." तिनं पदरानं नाक पुसलं. "काढा आता कपाटं."

कपाटं काढायला दोन माणसं लागतात. एकानं स्क्रू सोडवायचे, दुसऱ्यानं खालून धरायचं. सुतारानं साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी निमूटपणे हात वर केले आणि कपाट पेललं. त्याला स्टूल लागलं नाही. टाचणी बघत राहिली. किती सहज पुरत होते त्याचे हात!

दोन्ही कपाटं जमिनीवर उतरली. मागं भिंतीचा पहिला रंग होता, फिकट पिवळा, ती दोघं या घरात आली तेव्हाचा. कोळ्याची जाळी होती, चार-चार भोकं होती. आणि त्यांच्या खाली पेन्सिलीची एक आडवी रेघ होती, अजून ठळक.

"हीच," सुतार म्हणाला. "साहेबांची."

त्यानं जाळी हातानं पुसून घेतली, टेप काढला, ओट्यापासूनचं अंतर पाहिलं. "तुमच्या मापानं घेतलं तर बरंच खाली येईल, वहिनी. ओट्यावर काम करायला जागा पुरेल, त्याची काळजी नको. पण साहेबांचं कपाळ आपटेल."

"वाकतील ते," टाचणी म्हणाली.

नवऱ्यानं मान डोलवली. तो म्हणाला, "हो, वाकेन." मग कुणी न सांगता त्यानं फळीवरचा फोन उचलला, बंद केला आणि खिशात टाकला. त्याला आणखी काहीतरी बोलायचं होतं. त्यानं रंगानं भरलेलं ते स्टूल उचलून बाजूला ठेवलं, पुन्हा उचललं आणि हातातच धरून उभा राहिला.

सुतारानं कानामागची पेन्सिल काढली. "या, भिंतीला उभ्या राहा. सरळ. ताणायचं नाही, सहज जाईल तेवढाच. करा हात वर."

टाचणी भिंतीपाशी गेली. आयुष्यभर तिनं लोकांना असं उभं केलं होतं. हात वर करा, हात खाली, श्वास सोडा, आता वळा. आपल्याला कुणी कधी असं उभं केल्याचं तिला आठवेना. तिनं उजवा हात वर उचलायला घेतला. हात छातीपर्यंत आला, खांद्यापर्यंत आला, कानाजवळ पोचला आणि तिथून इंचभर पुढं सरकून थांबला. तिनं दात आवळले. खांद्यात कळ गेली. हात पुढं गेला नाही.

"अजून थोडा, वहिनी?"

"एवढाच जातो."

"अगं, एवढाच कसा?" नवरा पुढं झाला. त्याचा आवाज घाबरलेला होता. "वर घे ना. तेव्हा तर तुझी बोटं फळीला टेकायची. मला आठवतंय."

"तेव्हा टेकायची," टाचणी म्हणाली. "तेव्हा विचारायचं होतं."

सुतारानं खाली बघून पेन्सिलीचं टोक तपासलं. मग म्हणाला, "साहेब, जरा बाजूला व्हा. उजेड अडतोय."

नवरा स्टूल घेऊन बाजूला झाला. सुतारानं तिच्या बोटांच्या टोकाशी पेन्सिल टेकवली आणि तिथून सावकाश, पट्टी धरून, भिंतीच्या त्या टोकापर्यंत रेघ ओढत नेली. जुन्या रेघेपासून ती खूप खाली होती. रेघ पुरी होईपर्यंत टाचणीनं हात खाली घेतला नाही.